प्रोटॉनला वाट देणारी काच

हायड्रोजनची बातमी आली की तिच्यात ठरलेले आकडे असतात: किती मेगावॉट, किती कोटी, किती लाख टन. यंत्राच्या आत दोन वायूंच्या मधोमध जो पातळ पडदा असतो, त्याच्याबद्दल एक ओळही नसते. आणि माझ्या मते घोडं पेंड खातं ते तिथेच.

पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. शाळेच्या प्रयोगात दोन परीक्षानळ्या लांब-लांब ठेवल्या की काम भागतं. कारखान्यात मात्र दोन्ही बाजू एकमेकींना अगदी चिकटून हव्यात, कारण मधलं अंतर वाढलं की विजेला अडथळा वाढतो. चिकटून ठेवल्या तर वायू मिसळून स्फोट होण्याची भीती. म्हणून मध्ये पडदा लागतो. त्याच्याकडून अपेक्षा मोठ्या असतात. पाणी फुटून सुटलेला प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, त्यातून सहज पलीकडे गेला पाहिजे. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेनेच जायला हवा आणि वायू तर मुळीच आरपार जाता कामा नये.

आज या कामाला जो पडदा सर्वांत जास्त चालतो तो प्लास्टिकचा आहे. नॅफिऑन त्याचं नाव. ड्यूपॉन्ट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६०च्या दशकात तो घडवला. काम उत्तम करतो, पण ओला असेल तरच. त्यातला प्रोटॉन पाण्याच्या आधारानेच चालतो, त्यामुळे यंत्र ऐंशी अंशांच्या आसपास चालवावं लागतं. शिवाय हा पडदा तीव्र आम्लधर्मी. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला टिकून राहील असा उत्प्रेरक इरिडियमशिवाय सहसा सापडत नाही, आणि साऱ्या जगात वर्षाला इरिडियम निघतं जेमतेम सात-आठ टन. दुसऱ्या टोकाला सिरॅमिकची यंत्रं आहेत. त्यांना इरिडियम लागत नाही, पण ती सातशे ते साडेआठशे अंशांवर चालतात. तिथे पोलादसुद्धा दमतं.

या दोहोंच्या मधला, दोनशे ते चारशे अंशांचा पट्टा जवळजवळ रिकामा आहे. खरं तर हाच पट्टा सोयीचा. एवढ्या उष्णतेत रासायनिक क्रिया आपोआप वेग घेते, स्वस्त धातूंवर भागण्याची आशा असते, आणि वाफेचं विघटन करायला पाण्यापेक्षा वीज कमी लागते. अडीचशे-तीनशे अंशांची वाफ ही आमच्यासारख्यांना नवलाची गोष्ट नाही. मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. आमच्या बॉयलरमधून टर्बाइनकडे जाते ती वाफ तर त्याहून पुष्कळ तापलेली असते. त्या पट्ट्यात चालेल असा पडदा मात्र हवा. मी गेली काही वर्षं ज्याच्यामागे वाचत फिरते आहे तो उमेदवार म्हणजे काच.

काच म्हटल्यावर लोक चमकतात. जी पाणी अडवते, हवा अडवते, वीज अडवते, तिच्यातून प्रोटॉन कसा जाईल? पण काच आणि प्रोटॉन यांचा व्यवहार आमच्या टेबलावर रोज चालू असतो. गाळप हंगामात ठरलेल्या वेळी रसाचे नमुने येतात. मिलमधून आलेल्या मिश्र रसाचा पीएच साधारण ५.२ ते ५.४ असतो. चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड देऊन, गाळ खाली बसवून, निवळलेला रस सातच्या आसपास आणायचा. खाली राहिला तर इन्व्हर्जन होऊन, म्हणजे साखरेचा रेणू फुटून, साखर मळीत जाते, वर गेला तर रंग चढतो. हे सगळं ज्याच्या भरवशावर चालतं तो पीएच मीटरचा इलेक्ट्रोड म्हणजे टोकाला काचेचा इवलासा बल्ब. भिंत सुमारे दशांश मिलिमीटर जाडीची.

हंगामाच्या सुरुवातीला नवीन मुलं येतात. बल्ब कोरडा ठेवायचा नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवायचा, पुसताना घासायचा नाही, टिश्यूने नुसता टिपायचा, हे मी त्यांना सांगते. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, “मॅडम, काच ती काच. कोरडी राहिली म्हणून तिचं काय बिघडणार?” हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर काचेच्या आत आहे.

त्या बल्बची पारंपरिक काच म्हणजे साधारण ७२ टक्के सिलिका, २२ टक्के सोडियम ऑक्साइड आणि ६ टक्के कॅल्शियम ऑक्साइड. हे प्रमाण मॅकइनेस आणि डोल यांनी १९३० साली शोधून पक्कं केलं. पाण्यात बुडवली की तिच्या पृष्ठभागावरचे सोडियमचे आयन पाण्यात उतरतात आणि त्यांच्या जागी पाण्यातले प्रोटॉन येऊन बसतात. भिजलेला असा एक अतिशय पातळ थर तयार होतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. रस आम्लधर्मी असेल तर जास्त प्रोटॉन या थरात शिरतात, नसेल तर काही बाहेर पडतात, आणि पृष्ठभागावरचा विद्युतभार त्याप्रमाणे बदलतो. पीएच एक अंकाने बदलला की २५ अंश तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. मीटर मोजतं ते हेच. थर वाळला की जागा बंद, आणि आकडा भलतीकडे धावतो.

मात्र यातला प्रोटॉन काच ओलांडत नाही. तो उंबऱ्यावरच थांबतो. काचेच्या पोटात भाराची थोडीफार हालचाल करतात ते सोडियमचे आयन, आणि तेही कष्टाने. बल्बचा विद्युतरोध कित्येक कोटी ओहम असतो. साध्या व्होल्टमीटरला अशा ठिकाणी काही कळत नाही, म्हणूनच कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजू पाहणाऱ्या मित्रासाठी अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ साली व्हॅक्यूम ट्यूबचं वर्धक जोडलेलं यंत्र बनवलं.

काचेचा हा गुण पहिल्यांदा १९०६ साली माक्स क्रेमर यांच्या लक्षात आला. १९०९ साली कार्ल्सरुहमध्ये फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी त्याचा नीट अभ्यास केला. त्याच वर्षी त्याच हाबर यांनी हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून अमोनिया बनवून एका रसायन कंपनीच्या माणसांना दाखवला. आज जगात हायड्रोजनचे मोठे गिऱ्हाईक दोन, तेलशुद्धीकरण आणि अमोनिया. शेतात पडणाऱ्या युरियाच्या मुळाशी तोच अमोनिया आहे, आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून काढला जातो. नैसर्गिक वायूच्या रीतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एकाच माणसाने एकाच वर्षी काचेच्या उंबऱ्यावरचा प्रोटॉन मोजला आणि हायड्रोजनला जगभरची मागणी मिळवून दिली, हे मला विलक्षण वाटतं.

आता प्रश्न असा, की उंबऱ्यावर थांबलेल्या प्रोटॉनला आत कसं घ्यायचं.

त्यासाठी प्रोटॉन चालतो कसा ते पाहायला हवं. घराचा स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. माणूस जागेवरच असतो, घमेलं वर पोहोचतं. प्रोटॉनचंही तसंच आहे: एका ऑक्सिजनने तो शेजारच्या ऑक्सिजनला द्यायचा, त्याने पुढच्याला. पाण्यापुरती ही कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ सालीच मांडली होती. सिलिकाच्या काचेत अडचण अशी, की तिथला ऑक्सिजन हातातला हायड्रोजन घट्ट धरून ठेवतो. सोडतच नाही. फार तापवलं तर असे दोन शेजारी एकत्र येऊन चक्क पाणी होऊन निघून जातात.

फॉस्फरसची काच वेगळी वागते. फॉस्फरसभोवतीच्या चार ऑक्सिजनपैकी एक दुहेरी बंधाने त्याच्याशीच जोडलेला राहतो, जाळीत कोणाला हात देत नाही. तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे बाजूच्या ऑक्सिजनची हायड्रोजनवरची पकड सैल होते. शिवाय हा मोकळा ऑक्सिजन पुढून येणारा प्रोटॉन घ्यायला तयारच असतो. फॉस्फोरिक आम्ल आम्ल का आहे त्याचंच हे कारण, काचेत आणून बसवलेलं.

जपानमध्ये नागोयाच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत योशिहिरो आबे यांनी अशा काचा मोजल्या. मोबाइलच्या पडद्यातल्या ट्रान्झिस्टरसाठी पुढे जगभर नाव झालेले हिदेओ होसोनो त्या कामात त्यांच्याबरोबर होते. १९८८ साली त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: काचेतले प्रोटॉन दुप्पट केले की तिची वाहकता साधारण चौपट होते, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा काम सरळ झालं. काचेत जास्तीत जास्त प्रोटॉन भरा.

सांगायला सोपं. काच वितळते हजार-तेराशे अंशांना, आणि एवढ्या आचेवर पाणी कुठलं राहायला. भट्टीतून बाहेर येईपर्यंत हायड्रोजन बहुतेक उडून गेलेला असतो.

यावर एक तोड नागोयाच्याच मासायुकी नोगामी यांनी काढली: भट्टीला बगल द्यायची. सिलिकॉन आणि फॉस्फरसची द्रवरूप संयुगं पाण्यासह मिसळायची, त्यांचं जेल होऊ द्यायचं, ते वाळवून सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवायचं. या सोल-जेल पद्धतीने जी काच मिळते तिच्यात डोळ्यांना न दिसणारी, काही नॅनोमीटर रुंदीची छिद्रं असतात आणि त्यांच्या भिंतींना फॉस्फरसचे आम्लगट चिकटलेले असतात. हवेतला ओलावा छिद्रांत शिरला की प्रोटॉनचा रस्ता मोकळा. साध्या तापमानाजवळ तिची वाहकता ०.०१ सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या घरात पोहोचली, म्हणजे ओल्या नॅफिऑनच्या साधारण दहावा हिस्सा. काचेसाठी ही फार मोठी मजल आहे. पण इथेही प्रोटॉन पाण्याच्याच आधाराने चालला. शंभर अंशांच्या वर छिद्रं कोरडी पडू लागतात, आणि पाणी फार झालं तर फॉस्फरस धुऊन जातो. वाळताना तडे जातात तो त्रास वेगळा.

दुसरी तोड जपानमधल्याच सेंदाईची. तोहोकू विद्यापीठातले ताकाहिसा ओमाता आणि होक्काइदो विद्यापीठातले जुंजी निशिई यांच्या गटांनी जे केलं ते वाचून मी त्या रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. त्यांनी प्रोटॉन भट्टीत घालायचा नादच सोडला. त्याऐवजी सोडियम घातला. सोडियम भट्टीत शांतपणे राहतो. फॉस्फरस, सोडियम आणि थोडे-थोडे निओबियम, बेरियम, लँथॅनम, जर्मेनियम, बोरॉन अशी काच रीतसर वितळवून ओतायची, कापून चकती करायची, पॉलिश करायची. मग चकतीच्या एका बाजूला पॅलेडियमचा पातळ लेप द्यायचा, तिला चारशे अंशांच्या आसपास हायड्रोजनमध्ये ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना विजेचा दाब द्यायचा. पॅलेडियमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, इलेक्ट्रॉन तारेने जातो, प्रोटॉन काचेत शिरतो. जो प्रोटॉन आत येतो तो एका सोडियमला पुढे ढकलतो, आणि शेवटचा सोडियम पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. बराच वेळ हे चालू ठेवलं की चकतीचा आकार तोच राहतो आणि आतला जवळजवळ सगळा सोडियम जाऊन त्या जागी प्रोटॉन आलेले असतात. वितळवून जी काच कधी करता आली नसती ती अशी मागच्या दाराने तयार होते.

माझ्या पीएच इलेक्ट्रोडच्या कातडीवर जी अदलाबदल आपोआप होते, सोडियम बाहेर आणि प्रोटॉन आत, तीच इथे विजेच्या जोरावर काचेच्या आरपार नेली आहे. अशा एका काचेची वाहकता अडीचशे अंशांना ०.००१ सीमेन्स प्रति सेंटीमीटर भरली. ओलावा, छिद्रं यांची भानगड नाही, सलग काच.

हा आकडा पुरेसा आहे का? हे गणित कागद-पेन्सिलीने करता येतं. पडदा दशांश मिलिमीटर जाड असेल तर दर चौरस सेंटीमीटरला त्याचा रोध १० ओहम. यंत्रात दर चौरस सेंटीमीटरमधून एक अँपिअर जावा अशी साधारण अपेक्षा असते. म्हणजे नुसत्या पडद्यातच १० व्होल्ट खर्च होणार, आणि पाणी फोडण्याचं सबंध काम आजच्या यंत्रात दोन व्होल्टच्या आत होतं! पडदा दहापट पातळ केला तर हा खर्च एक व्होल्टवर येतो, तरीही फार. एक किलो हायड्रोजनला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात, तेव्हा जास्तीचा एक व्होल्ट म्हणजे किलोमागे जास्तीचे साडेसव्वीस युनिट. आजची यंत्रं सगळं मिळून पन्नास-पंचावन्न युनिटांत किलोभर हायड्रोजन काढतात. काच दहापट पातळ राहून वाहकताही दहापट वाढली, तर मात्र पडद्याचा भुर्दंड अडीच-पावणेतीन युनिटांवर येतो आणि व्यवहार जमतो. लक्ष्य म्हणून ०.०१ हा आकडा का धरायचा, त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. सोडियम काढून प्रोटॉन घातले की काच लवकर मऊ पडू लागते. ज्या तापमानाला प्रोटॉन मोकळा धावतो त्याच्याच आसपास काचेचंही अंग सैल होतं, आणि मऊ पडदा दोन वायूंचा दाब सोसणार नाही. जाळी सैल हवी ती प्रोटॉनसाठी, आवळलेली हवी ती मजबुतीसाठी. निओबियम, लँथॅनमसारखी मंडळी थोड्या प्रमाणात मिसळली आहेत ती जाळीला जागोजाग टाके घालायला. किती टाके घालावेत, यावरच सगळं काम अडलेलं आहे. तरीही सीझियमच्या घन आम्लांपेक्षा मला काच उजवी वाटते. ती आम्लंही याच पट्ट्यात चालतात आणि कॅलटेकच्या सोसिना हाइले यांनी २००१ साली त्यांचा फ्युएल सेल चालवून दाखवला, पण ती पाण्यात विरघळतात. काचेच्या घटकांत बदल करायला वाव अफाट आहे.

इथे काचेच्या एका कमी बोलल्या जाणाऱ्या नोकरीचा उल्लेख करायलाच हवा. सातशे-आठशे अंशांवर चालणाऱ्या सिरॅमिकच्या यंत्रांत आजही काचच दोन वायूंना वेगळं ठेवते. सिरॅमिकच्या प्लेटा आणि पोलादी चौकट यांच्या मधल्या फटी बेरियम-ॲल्युमिनोसिलिकेट जातीच्या काचेने बुजवतात. आधी ती मऊ होऊन फट भरते, मग तिच्यात स्फटिक वाढून ती घट्ट होते. तापताना ती नेमकी शेजाऱ्यांइतकीच प्रसरण पावली पाहिजे, नाहीतर एका थंड-गरम फेऱ्यात तडकते. दुखणं असं, की बेरियम आणि पोलादातला क्रोमियम यांचं जुळून कडेला पिवळा बेरियम क्रोमेट तयार होतो, त्याचं प्रसरण वेगळं, आणि गळती तिथून सुरू होते. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत अशा सील काचांवर काम झालेलं आहे. म्हणजे उष्णता, हायड्रोजन आणि काच यांचं एकत्र ज्ञान आपल्या देशात आहे. पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम झालं आणि २०२२ साली केपीआयटी आणि सीएसआयआर यांची हायड्रोजनची बस पुण्यातच लोकांसमोर आली.

मग प्रोटॉन वाहणाऱ्या काचेवर आपल्याकडे जोमाने काम का होऊ नये? राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. एकूण तरतूद १९,७४४ कोटींची. त्यातले १७,४९० कोटी यंत्रांचं उत्पादन आणि हायड्रोजनचं उत्पादन यांना प्रोत्साहन म्हणून, संशोधनाला ४०० कोटी. दोन टक्के. २०३०पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट आहे, ते मला मनापासून पटतं, पण आज ज्या पडद्याची यंत्रं आपण अनुदान देऊन उभी करणार त्या पडद्याचं ज्ञान बाहेरचं आणि इरिडियम तर त्याहून बाहेरचं. यंत्राच्या पोटातला जो भाग इतका अवघड, त्याच्या शोधाला एवढा कमी पैसा, ही वाटणी मला चुकीची वाटते.

काचेची विद्या शिकायला जपानपर्यंत जाणं महाराष्ट्राला नवीन नाही. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला १९०८ साली पैसा फंड काच कारखाना निघाला, तेव्हा जपानमध्ये शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काच करायला शिकवलं. आजही तसंच कोणीतरी सेंदाईला जाऊन यावं. साहित्य फार लागत नाही: तेराशे अंशांची भट्टी, पॅलेडियमचा लेप देणारं यंत्र, हायड्रोजनचा सिलिंडर आणि रोध मोजणारं चांगलं उपकरण. हे बऱ्याच विद्यापीठांत आहे. नसते ती सवड. एकाच काचेचे घटक थोडे-थोडे बदलत, तिला तीनशे अंशांच्या वाफेत महिनोन्‌महिने ठेवून ती मऊ पडते का, फॉस्फरस झिजतो का, वाहकता टिकते का हे मोजत बसणाऱ्या मुला-मुलींना पाच वर्षं शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, आणि दर सहा महिन्यांनी शोधनिबंध कुठे आहे असं कोणी विचारू नये. त्या ४०० कोटींमधून एवढं सहज निघेल.